रविकेअक्काचं 'होणा'

रविकेअक्का टीव्ही बघायची ती गळ्यात मापाचा टेप अडकवून. मालिकेतली सासू सुनेला घराबाहेर काढत असो, नाहीतर नायक दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत असो, अक्काची नजर माणसांच्या तोंडावर नसायचीच. ती असायची खांद्यावर, काखेतल्या मुंढ्यावर, गळ्याच्या कापावर. शिवणयंत्राच्या पायडलवर पाय चालू असे आणि पडद्यावर कुणाचा ब्लाउज फसला की पाय थांबे. पायडल थांबलं की आम्ही ओळखायचो, आता निकाल लागणार. "पाह, पाह, ती रडालीय नि पाठीला चुणी पडालीय," ती म्हणायची. "पावम्, बिचारी. मुंढा एवढा चुकल्यावर रडेल नाहीं तर काय करेल?"

'रविके' म्हणजे आमच्या तंजावुरात ब्लाउज. शब्द तमिळ, अक्का मात्र आमच्यातली, मराठी. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमच्या घरासमोरच ती राहायची. वर भावाचा संसार, खाली रस्त्याकडची एक खोली तिची. खिडकीशी मशीन, समोर भिंतीवर फळी, फळीवर देवांच्या तसबिरी आणि त्यांना खेटून टीव्ही. देव आणि टीव्ही एकाच फळीवर कसे, असं मी एकदा विचारलं. अक्का म्हणाली, "मान एकदांच वर करावी लागते." तिचं खरं नाव फक्त रेशनकार्डाला ठाऊक होतं. बाकी सगळ्या गल्लीला, भाजीवाल्याला आणि देवळातल्या गुरुजींनासुद्धा ती रविकेअक्काच.

गोष्ट काय चाललीय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. "गोष्ट उद्यां पणि हीच असेल," असं म्हणून ती मोकळी व्हायची. तिचं भांडण कपड्यांशी. मालिकांतल्या बायका रेशमी साडी, अंबाडा आणि कमरपट्टा अशा थाटात निजायला जातात, हे बघून तिचा दरवेळी नव्यानं संताप व्हायचा. "निजतांना कोण ओड्याणम् घालतं? कुशीवर वळली तर पोटांत जाईल कीं!" सिनेमातल्या नायकाच्या फाटक्या जीन्सवर तिचं म्हणणं असं, की त्याची फाटली तर फॅशन आणि माझ्या हातून शिवण सुटली तर गिऱ्हाईक भांडतं. गरीब घरातली नायिका रोज नवा आणि मापात बसलेला ब्लाउज घालून गवत कापायला निघाली, की अक्का चष्मा काढून पुसायची. "हिला शिवून कोण देतं तें कळूं दे मला," म्हणायची.

यावरून कुणाला वाटेल की बाई जुन्या वळणाची असणार. छे! माझ्या बरोबरीच्या मुलींनी खांदे उघडे टाकणारे टॉप घालायला सुरुवात केली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी नाकं मुरडली. अक्कानं तो टॉप हातात घेतला, उलटा करून शिवण पाहिली आणि चार दिवसांत तस्साच शिवून दाखवला. "खांद्याला वारं लागलं तर काय जातं? शिवण पक्की होणें, तेवढंच," असा तिचा फैसला. फुग्याच्या बाह्यांची फॅशन फिरून आली तेव्हा तिनं पेटीतून आपल्या तरुणपणीचे कागदी बेत काढले. "फॅशन कोठें जात नाहीं गे. माझ्या पेटींत बसून असते."

तिची खरी कसोटी एकच होती आणि तिचा प्रसाद मला मिळालेला आहे. कॉलेजच्या निरोप समारंभाला मला एका सिनेमातल्या नटीसारखा ब्लाउज हवा होता, अंगाला चिकटून बसणारा. मोबाइलवरचा फोटो घेऊन मी गेले. अक्कानं एका शब्दानंही वाद घातला नाही. सांगितला तसा शिवला, घालायला लावला. आरशात मी अशी काही दिसत होते की मलाच माझं कौतुक वाटलं. मग अक्का म्हणाली, "अत्तां बस." मी बसले. जमिनीवर, मांडी घालून. काखेतली टीप टरकन गेली. "उभं राहून सगळंच बरं दिसतं," अक्का म्हणाली. "कपडा बसवून पाहावा." मी रडायला लागले, तर तिनं तोच ब्लाउज उसवला आणि आतल्या दाबातून बोटभर कापड सोडून पुन्हा शिवला. आधीच ठेवलेलं होतं तिनं ते कापड. समारंभात मी बसले, नाचले, जेवलेसुद्धा. फोटोत मात्र नटीसारखी दिसत नाही, हा भाग वेगळा.

मराठी मालिका अक्काच्या आयुष्यात आल्या त्या माझ्या फोनवरून. तोवर ती तमिळच बघायची. आपली भाषा टीव्हीत बोलतात म्हटल्यावर तिला कोण आनंद! पहिल्याच भागात तो निम्मा ओसरला. "केवढं घाईघाईंत बोलतात! बस सुटालीय कीं काय ह्यांची?" त्यातून आमची मराठी पडली तीनशे वर्षांपूर्वी घरून निघालेली, वाटेत तमिळ शिकलेली. आमच्याकडे 'होणें' म्हणजे हवं असणं आणि 'होणा' म्हणजे नको. आणि त्या मालिकेतली पुण्याची मुलगी उठता बसता म्हणायची, 'हो ना'. आई विचारते चहा घेणार का, मुलगी म्हणते 'हो ना'. मैत्रीण विचारते सिनेमाला येतेस का, 'हो ना'. आठवडाभर अक्कानं सहन केलं. मग पायडल थांबलं. "ही पोर सगळ्याला होणा म्हणते नि मग सगळं करते! चहा होणा म्हणाली, नि दोन कप प्याली!" मी हसून हसून लोळले. त्यांच्याकडे त्याचा अर्थ 'होय तर' असा होतो, हे मी समजावलं. अक्कानं हात झटकला. "कसली भाषा ती," म्हणाली, आणि मशीन सुरू केलं.

त्या मालिकांमुळेच मी देवनागरी शिकले. आमच्या घरात मराठी बोलतात, पण वाचायला येतं कुणाला? आजोबांनंतर कुणाला नाही. अक्कालाही येत नव्हतं. तिला हे कपडे कोण शिवून घेतं त्याचं नाव हवं होतं. "शिव्या नेमक्या कोणाला द्यायच्या तें कळायला होणें," एवढाच तिचा हेतू. मग मी फोनवरच अक्षरं गिरवायला लागले. श्रेयनामावली इतक्या वेगानं पळायची की ती थांबवून थांबवून मी एकेक अक्षर लावायची. आयुष्यात मी देवनागरीत वाचलेला पहिला शब्द 'वेशभूषा'. ती अक्षरं जुळली तेव्हा मी ओरडलेच. दुसऱ्या मालिकेतही तोच शब्द निघाला, तिसरीतही, तेव्हा अक्का विचारात पडली. "सगळीकडे हीच बाई? एकटी किती करेल पावम्!" तिला वाटलं, वेशभूषा हे बाईचं नाव. तो शब्द म्हणजे काम आहे, बाई नव्हे, हे पटायला दोन दिवस लागले. पण 'वेशभूषाबाई' हे नाव आमच्या बोलण्यात राहून गेलं. आज मी हे जे काही मराठीत लिहिते आहे ते त्या खोलीत, त्या एका शब्दापासून सुरू झालं. मला कुठल्या शाळेनं शिकवलं नाही.

ऐतिहासिक मालिका लागली की मात्र अक्काला थट्टा सुचायची नाही. त्यातल्या राण्या नऊवारी नेसत, पण ती शिवलेली. पाठीला चेन लावलेली. "शिवलेलं लुगडं! विजार म्हण कीं सरळ," ती म्हणायची. तिच्या आईनं तिला एकही गाठ न चुकता नेसायला शिकवलं होतं, टाचणीशिवाय. ते नेसून तिची आई विहिरीचं पाणी काढायची आणि दसऱ्याला फुगडीही खेळायची. "ही राणी बसेल कशी? घोडा राहूं दे, पाटावर तरी बसेल कां?" आणि मग हळूच, "आमच्या बायका अशा नव्हत्या गे. कोणी तरी सांगायला होणें त्यांना." ते ऐकताना मला आत कुठेतरी लागायचं. कोण सांगणार आणि कुणाला?

सांगायची वेळ आपण होऊन चालत आली. महाराष्ट्रातलं एक युनिट मालिकेच्या चित्रीकरणासाठी तंजावुरात उतरलं. जुन्या काळची गोष्ट, लग्नाचा मोठा प्रसंग, आणि तीस बायकांच्या चोळ्या घेऊन येणारं पार्सल वाटेत कुठेतरी हरवलेलं. हातात आठ दिवस. त्यांच्या वेशभूषेच्या बाई पुण्याच्या, पन्नाशीच्या, केस पिकलेल्या पण न रंगवलेल्या. मराठी जाणणारी शिवणारी कोण, असं विचारत विचारत त्या थेट अक्काच्या दारात आल्या. मी तिथंच बसले होते. हातात बँकेच्या परीक्षेचं पुस्तक होतं, पण ते दाखवायला. पुढच्या महिन्यात तिरुचीला क्लास लावायचा, हे अप्पांनी, माझ्या वडिलांनी, ठरवून टाकलं होतं. मला आकड्यांचा कंटाळा होता आणि अक्काच्या खोलीतून उठवत नव्हतं, पण हे सांगायचं धाडस मला स्वतःपाशीही झालं नव्हतं.

बाईंनी काम सांगितलं. तीस चोळ्या, जुन्या बेताच्या, पुढं गाठीच्या. बायकांना लुगडी नेसवायचीही. अक्का ऐकत होती आणि तिचा हात गळ्यातल्या टेपशी चाळा करत होता. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. बाई म्हणाल्या, "मग कराल ना?" अक्कानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग मान हलवत म्हणाली, "होणा, होणा."

"हो ना? वा! मोठं ओझं उतरलं बघा," असं म्हणून बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. आमची मान हलते ती तमिळ, डावी-उजवी डुलणारी. त्यातून होय की नाही ते पुण्याच्या माणसाला कसं कळावं? उद्या सकाळी कापड पाठवते म्हणाल्या आणि गेल्या. त्या खोलीत त्या क्षणी दोन्ही मराठी येणारं माणूस मी एकटी होते, असं मला वाटलं. अक्का नको म्हणाली आहे हे मला ठाऊक होतं. बाईंनी होय ऐकलं आहे हेही ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. पुस्तकात तोंड घालून बसले. कारण ते काम मला हवं होतं, अगदी पोटातून हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑटोतून कापडाचे गठ्ठे आले. अक्का दारात उभी राहून ते बघत होती. "हें काय गे?" मी म्हटलं, "बाईंनी पाठवलं." तिनं आणखी काही विचारलं नाही. तिनं पहिल्यांदा काय केलं असेल? उरलेला एक अस्तराचा तुकडा घेऊन टीव्हीवर टाकला. "तो मला पाहालाय असं वाटतं," म्हणाली.

पहिली चोळी तिनं कापली आणि मुंढा चुकला. चाळीस वर्षं जगाचे मुंढे काढणाऱ्या बाईचा! पायडल थांबलं ते बराच वेळ थांबलं. "इतकी वर्षं मीं सगळ्यांना नांवं ठेवलीं," ती म्हणाली. "अत्तां सगळं महाराष्ट्र मला नांवं ठेवेल. परत पाठव हें." तिचे डोळे भरले होते. माझ्या जिभेवर आलं होतं की अक्का, चूक माझी, मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच. मी ती फसलेली चोळी अंगात घातली, पाटावर बसले आणि म्हटलं, "कोठें टोचतंय तें सांगूं कां?" अक्कानं माझ्याकडे बघितलं. मग टेप काढला, खडू घेतला, काखेशी खूण केली. त्या दिवसापासून प्रत्येक चोळी मी घालायची, बसायचं, वाकायचं, हात वर करायचे, आणि मग ती पुढं जायची. तीसपैकी सहा चोळ्या मी स्वतः शिवल्या. अप्पांना आम्ही सांगितलं की अक्काच्या पाठदुखीनं उचल खाल्लीय, मी मदतीला जाते. पाठ दुखत होती हे मात्र खरं.

चित्रीकरण कालव्याकाठच्या एका गावात होतं. नायिकेची चोळी बघून तरुण दिग्दर्शकाचा चेहरा पडला. कॅमेऱ्यात ढगळ दिसते म्हणाला, मागून टाचण्या लावून घट्ट करा. कुणीतरी टाचण्या लावल्या. अक्का नारळाखाली खुर्चीवर बसली होती, ती उठली आणि सगळ्या लोकांतून सरळ पुढं गेली. "बसव तिला," ती म्हणाली. दिग्दर्शकाला कळेना. मी सांगितलं, "त्या म्हणतात, तिला बसवून बघा." प्रसंग होता हळद वाटण्याचा. नायिका पाट्यापुढं बसली, वरवंट्याला हात घातला आणि हात पुढं जाईना. दोन टाचण्या उडाल्या. मग टाचण्या काढून ती अक्काच्या मापात बसली, वाटायला लागली, कपाळावरचे केस मागे सारले, शेजारणीशी हसलीसुद्धा. पुण्याच्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "ही आत्ता कुठं त्या घरातली दिसली." दिग्दर्शकानं खांदे उडवले आणि कॅमेरा लावायला सांगितला. अक्का परत खुर्चीवर येऊन बसली.

जाताना बाईंनी मला विचारलं, पुण्याला येतेस का माझ्या हाताखाली? अप्पांनी घर डोक्यावर घेतलं. कधी कुणाच्या घरी न जाणारी अक्का तेव्हा आमच्याकडे आली, ओसरीवर बसली आणि अप्पांना म्हणाली, "अण्णा, बँकेंत ती उभी बरी दिसेल. बसेल कां तें पाहा." पाचव्या दिवशी अप्पांनीच रेल्वेचं तिकीट आणून दिलं.

मालिका लागली तेव्हा मी मुद्दाम तंजावुरात आले. सकाळीच अक्काच्या खोलीत बसून आम्ही पहिला भाग पाहिला. श्रेयनामावली आली आणि मी थांबवली. वेशभूषेखाली पुण्याच्या बाईंचं नाव, त्याखाली 'साहाय्य : रविकेअक्का, तंजावूर', आणि त्याखाली माझं. खरं नाव घातलं तर गल्लीत कुणाला कळायचं नाही, म्हणून तिनंच तसं सांगितलं होतं. मी एकेक अक्षर बोटानं दाखवत वाचलं. मग लग्नाचा प्रसंग लागला आणि तिचं पायडल थांबलं. "ती तिसरी बाई. चुणी पडालीय. ती तूं शिवलीस." खरंच मीच शिवलेली होती.

तेव्हा मी सगळं ओकून टाकलं. अक्का, तू 'होणा' म्हणालीस, त्यांनी 'हो ना' ऐकलं, मला कळत होतं, मी मुद्दाम गप्प बसले. अक्कानं दोरा दातानं तोडला.

"तूं एकटीच सीरियल पाहातेस कां?" ती म्हणाली. "चहा होणा म्हणून दोन कप पितात, तें मलाहि ठाऊक होतं. मला भय होतं, म्हणून तोंडानं आमचं बोललें. ऐकूं देत त्यांना त्यांचं. तूं तेथेंच दुरुस्त केलं असतंस, तर मीं सोडलं असतं. तूं पुस्तकांत तोंड घातलंस." मग टेप गळ्यात नीट करत म्हणाली, "तुला बसवून पाहिलं मीं."

गेल्या मार्गशीर्षात अक्का गेली. मी चित्रीकरणात होते, पोचायला तिसरा दिवस उजाडला. खोलीत मशीनवर कापड घातलं होतं आणि टीव्हीवरही. तिच्या भाच्यानं टेप माझ्या हातात ठेवला. त्याचे पहिले सहा आकडे तिच्या बोटांनी पुसून गेलेत. मी तोच वापरते. मला पोटाला काम, लिहायला लिपी आणि पडद्याकडे बघायची नजर, हे सगळं त्या एका खोलीनं दिलं. आईवडिलांनी दिलं त्याच्या खालोखाल हेच माझं देणं, आणि ते मानताना मला फार बरं वाटतं.

परवा पुण्याच्या बाईंचा फोन आला. आता डोळे साथ देत नाहीत, म्हणाल्या. नवी मालिका मोठी आहे, दोन वर्षं चालेल, वेशभूषा तू एकटीनं सांभाळ. शंभर माणसं, तीन पिढ्यांचे कपडे, आणि चुकलं तर कुठल्या तरी खिडकीशी पायडल थांबवून माझं नाव वाचणारी एखादी बाई. "करशील ना?" बाईंनी विचारलं. हात आपसूक गळ्यातल्या टेपकडे गेला आणि इतक्या वर्षांत पुण्यात कधी न आलेला घरचा शब्द तोंडातून निसटला. "होणा."

"हो ना? मग ठरलं," बाई म्हणाल्या.

मी दुरुस्त केलं नाही.